आम्लीकरण आणि कालवाचे पहिले ४८ तास

तुमचा प्रश्न असा: समुद्राचं आम्लीकरण वाढतंय, तर आपल्या तिसऱ्या, कालवं, शिनाणे या शिंपल्यांतल्या प्राण्यांची कवचं विरघळणार का? ‘हे प्राणी जनुकीय पातळीवर जुळवून घेतात’ असं वाचनात आलं, तर त्यावर किती विसंबायचं? आणि खाडीकाठी कालवाचं बीज (इवली पिल्लं) तयार करायचं, किंवा त्यावर छोटा प्रयोग करायचा, तर नेमकं काय मोजायचं?

पहिल्या प्रश्नातला ‘विरघळणं’ हा शब्द आधी बाजूला ठेवतो, कारण तोच दिशाभूल करतो. मोठ्या कालवाचं कवच पाण्यात साखरेसारखं विरघळत नाही. खरा पेच आहे तो कवच पहिल्यांदा बांधताना लागणाऱ्या ताकदीचा, आणि ती ताकद सगळ्यात तोकडी असते अंडं फलित झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत. शरीरक्रिया, जनुकं, हॅचरीतलं (बीज तयार करण्याच्या केंद्रातलं) नुकसान हे सगळं समजून घ्यायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

रसायन थोडक्यात. समुद्र अल्कधर्मीच आहे आणि राहील. फक्त कमी अल्कधर्मी होतोय. औद्योगिक युगापूर्वी पृष्ठभागाच्या पाण्याचा पीएच सरासरी ८.२च्या आसपास होता, आता तो ८.१च्या जवळ आहे. फरक किरकोळ वाटतो, पण पीएचची पट्टी लॉगरिदमची आहे. एवढ्यात हायड्रोजन आयन पाव हिश्श्याहून जास्त वाढतात. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा भाग समुद्र पोटात घेतो. पाण्यात त्याचं कार्बॉनिक आम्ल होतं, ते हायड्रोजन आयन सोडतं, आणि तो आयन पाण्यातल्या कार्बोनेटला गाठून त्याचं बायकार्बोनेट करून टाकतो. गोम इथेच आहे: पाण्यातला एकूण कार्बन वाढतो आणि तरीही कार्बोनेट घटतं.

हे मोजायला ‘संपृक्तता’ वापरतात, तिला आम्ही ओमेगा म्हणतो: कॅल्शियम गुणिले कार्बोनेट, भागिले त्या खनिजाची विद्राव्यता. ओमेगा एकच्या खाली गेला की उघडं खनिज विरघळू लागतं. कवचात दोन खनिजं येतात, ॲरागोनाइट आणि कॅल्साइट. ॲरागोनाइट जास्त सहज विरघळतं. मोठ्या कालवाचं कवच बहुतांश कॅल्साइटचं, पण त्याच कालवाच्या लार्व्हाचं, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पिल्लाचं, कवच ॲरागोनाइटचं. तिसऱ्यांचं कवच आयुष्यभर ॲरागोनाइटचं, आणि शिनाण्याच्या जातभाईचा, निळ्या मसलचा, बाहेरचा थर कॅल्साइटचा, आतला चकचकीत थर ॲरागोनाइटचा. म्हणून ‘शिंपल्यांवर परिणाम काय’ असं सरसकट विचारलं की उत्तर द्यायला जड जातं. कोणती जात, कुठलं वय, कुठलं पाणी, हे आधी कळायला हवं.

आता प्राण्याच्या बाजूने पाहू. समुद्रात कॅल्शियमची ददात नाही, किलोभर पाण्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास असतंच. बायकार्बोनेटही मुबलक आहे, उलट आम्लीकरणाने वाढतंच. मग अडतं कुठे? प्राणी कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जोडून कवच करतो तेव्हा प्रत्येक रेणूमागे एक हायड्रोजन आयन सुटतो. तो कवच बांधण्याच्या पोकळीतून, म्हणजे प्रावार (शरीरावरचं मांसल आवरण) आणि कवच यांच्यामधल्या द्रवातून, बाहेर काढला नाही तर तिथलंच पाणी आम्लाकडे झुकतं आणि बांधकाम थांबतं. बाहेरच्या पाण्यात हायड्रोजन आयन आधीच जास्त असतील तर हा उपसा चढावर करावा लागतो. पेशींतले पंप त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळतात. कार्बॉनिक अनहायड्रेज हे विकर बायकार्बोनेटचा पुरवठा जुळवतं, कॅल्शियम वाहणारे पंप वेगळे. आम्लीकरणाचा भुर्दंड बसतो तो असा, वीजबिलासारखा.

मोठ्या कालवाला हे बिल बहुधा परवडतं. ओहोटीला कवच घट्ट मिटून तासन्‌तास बसायची त्याला सवयच आहे; त्या वेळी आत स्वतःच्याच श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचतो आणि शरीरद्रवाचा पीएच खाली येतो. मासे किंवा खेकडे रक्तातलं बायकार्बोनेट वाढवून पीएच सावरतात, तसं द्विपुटी (दोन शिंपांच्या) प्राण्यांना फारसं जमत नाही. ते कवचाच्या आतल्या बाजूचा थोडा चुना झिजवून तात्पुरतं भागवतात आणि भरती आली की पुन्हा भरून काढतात. पण पाणीच कायम कार्बन डायऑक्साइडने भरलेलं असेल तर ‘भरती’ येतच नाही. तेव्हा शरीरद्रवाचा पीएच कायमचा खालच्या पातळीवर राहतो, चयापचयाचा दर बदलतो, आणि वाढ, जननग्रंथी, रोगप्रतिकार यांच्या वाट्याला कमी येतं. शिनाण्यासारख्या धाग्यांनी खडकाला धरणाऱ्या प्राण्यांत आणखी एक गोष्ट दिसली आहे. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मसल्सवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात, जास्त कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात तयार झालेले धागे कमकुवत निघाले. कवच शाबूत, पण पकड सैल. दोरीवर शिनाणे वाढवणाऱ्याच्या दृष्टीने हे जास्त काळजीचं.

इथे अन्नाचा मुद्दा निर्णायक ठरतो. जर्मनीतल्या कील फियोर्डमध्ये खालचं पाणी वर येतं तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब एक हजार मायक्रोॲटमॉस्फिअरच्या वर जातो. हवेतल्या प्रमाणाशी जुळणारा दाब चारशेच्या थोडा वर असतो, त्याच्या दुपटीहून हे जास्त. तरी तिथे निळे मसल्स गच्च वाढतात, कारण त्या पाण्यात खाद्य भरपूर आहे. प्रयोगशाळेत अर्धपोटी ठेवलेले तेच प्राणी आम्लीकरणाने खंगतात. म्हणून कुठलाही प्रयोग वाचताना मी आधी पाहतो की प्राण्यांना शैवाल किती दिलं. ते लिहिलेलं नसेल तर त्या निष्कर्षाला माझ्या लेखी अर्धीच किंमत.

लार्व्हाला मात्र खाण्याचीच सोय नसते. फलनानंतर भ्रूण, मग ट्रोकोफोर (पोहू लागलेली अवस्था), मग दोन्ही शिंपा सरळ बिजागरीने जुळलेला, इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा दिसणारा लार्व्हा. पॅसिफिक कालव या जातीत याला एक ते दोन दिवस लागतात. कोकणातल्या २८ अंशांच्या पाण्यात साधारण एका दिवसात उरकतं. या काळात तोंड-आतडं कामाला लागलेलं नसतं. सगळा खर्च अंड्यातल्या शिदोरीवर. तेवढ्यात शरीराच्या वजनाचा मोठा हिस्सा होईल इतकं कवच उभं करायचं, तेही ॲरागोनाइटचं, आणि बांधकामाची पोकळी बाहेरच्या पाण्यापासून नीट बंद झालेली नसताना. म्हणून या टप्प्यावर बाहेरच्या पाण्याचा ओमेगा थेट आत पोचतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठातल्या जॉर्ज वाल्डबुसर आणि सहकाऱ्यांनी पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि ओमेगा हे तिन्ही रासायनिक युक्तीने एकमेकांपासून सोडवून पाहिले; पॅसिफिक कालव आणि भूमध्य समुद्रातला मसल, दोन्हींत पहिल्या कवचाचं भवितव्य ओमेगानेच ठरवलं (२०१५). मोठ्या प्राण्यात मात्र पीएच आणि कार्बन डायऑक्साइड यांना स्वतंत्र महत्त्व आहे, हे विसरू नका. त्या एका निष्कर्षावरून ‘पीएच मोजायची गरजच नाही’ असं म्हणणारेही भेटतात.

हॅचरीत हे कसं दिसतं याचं उत्तम उदाहरण ओरेगनच्या नेटार्ट्स बेवरची व्हिस्की क्रीक हॅचरी. २००७ पासून तिथे लार्व्हा मोठ्या प्रमाणात मरू लागले. पहिला संशय व्हिब्रिओ जिवाणूंवर गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण पाणी गाळून, जंतू मारूनही मर कायम राहिली. मग ॲलन बार्टन, बर्क हेल्स आणि मंडळींनी पाण्याचं रसायन सतत नोंदवायला घेतलं. उन्हाळ्यात उत्तरेचे वारे सुटले की खोल समुद्रातलं, कार्बन डायऑक्साइडने लदलेलं गार पाणी किनाऱ्याला वर येतं. ते पाणी टाकीत आलं की त्या खेपेचं बीज गेलं. २०१२ साली छापलेल्या त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. पहिली: लार्व्हांचं एकूण वजन वाढतं की घटतं याची सीमा ओमेगा सुमारे १.७ला आली, एकला नाही. पाणी रासायनिकदृष्ट्या ‘विरघळवणारं’ नसतानाच धंदा तोट्यात जातो. दुसरी: पहिल्या ४८ तासांतल्या वाईट पाण्याचा परिणाम लगेच दिसत नाही. सुमारे १२० मायक्रॉनपर्यंत लार्व्हा ठीक वाढतात आणि मग रखडतात. दहाव्या-बाराव्या दिवशी मर लागली की माणूस त्या दिवसाचं पाणी, त्या दिवसाचं शैवाल तपासतो. दोष दडलेला असतो फलनाच्या दिवसात. म्हणून हॅचरीच्या वहीत प्रत्येक खेपेसमोर फलनाच्या वेळचं पाणी लिहून ठेवा, मग बाकीचं.

त्यांनी केलेले उपाय अगदी साधे होते. पहाटेऐवजी दुपारनंतर पाणी खेचायचं, कारण दिवसभराच्या प्रकाशसंश्लेषणाने खाडीतला कार्बन डायऑक्साइड उतरलेला असतो. आणि पाण्यात सोडा ॲश, म्हणजे निर्जल सोडियम कार्बोनेट, घालायची. सोडा ॲशचा हिशेब इथे देतो, कारण यातच सगळ्यात जास्त घोळ होतो. समजा २५ अंशांचं, ३३ क्षारतेचं पाणी, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषून घेण्याची क्षमता) २२०० मायक्रोमोल प्रति किलो आणि पीएच ७.६. ॲरागोनाइटचा ओमेगा येतो साधारण १.४. यात हजार लिटरला सुमारे ११ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट घातलं की अल्कलिनिटी २०० मायक्रोमोलने चढते, पीएच ७.८च्या थोडा वर जातो आणि ओमेगा २.४च्या आसपास पोचतो. एवढ्याशा पावडरीने एवढा फरक. पण दुकानातला धुण्याचा सोडा स्फटिकी असेल तर त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. तो घ्यायचा तर सुमारे २.७ पट लागेल, आणि त्यात आणखी काय मिसळलंय याची खात्री नाही. खाण्याचा सोडा चालणार नाही. तो बायकार्बोनेट आहे. अल्कलिनिटी आणि एकूण कार्बन दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढवतो, कार्बोनेट फारसं वर येत नाही. सोडा ॲश आधी गोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून, हवेच्या बुडबुड्यांजवळ, धार बारीक ठेवून सोडायची. एकदम ओतली की त्या जागी पाणी दुधाळ होतं: कार्बोनेट तिथेच खाली बसलं, कॅल्शियमही घेऊन गेलं. असं पाणी लार्व्हांना देऊ नका.

कोकणात हे जसंच्या तसं लागू होतं का? नाही. उष्ण समुद्राच्या पृष्ठभागाचा ओमेगा ओरेगनच्या गार पाण्यापेक्षा बराच वर असतो. आपल्याकडची जोखीम दोन वाटांनी येते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरही खालचं पाणी वर सरकतं आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात शेल्फवरच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावरच्या) पाण्यात प्राणवायू खूप घटतो. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था वर्षानुवर्षं हे नोंदवत आली आहे. प्राणवायू संपवणारी क्रियाच कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणून ही दोन्ही संकटं हातात हात घालून येतात. दुसरी वाट खाडीतून. पावसाच्या गोड्या पाण्याने क्षारता कोसळते, तिच्याबरोबर कॅल्शियम आणि अल्कलिनिटीही, आणि ओमेगा एकच्या खाली उतरू शकतो, तोही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा काहीही संबंध नसताना. तेव्हा जुलैमध्ये खाडीत बीज मेलं तर ‘आम्लीकरण’ म्हणण्याआधी क्षारता पाहा. बहुतेकदा गुन्हेगार तीच असते.

तिसऱ्यांचं आणखी एक निराळं आहे. त्या चिखल-वाळूत राहतात, आणि चिखलातल्या पाण्यात कुजण्याच्या क्रियेमुळे ओमेगा वरच्या पाण्यापेक्षा खूपच कमी असतो. अमेरिकेच्या मेन राज्यात मार्क ग्रीन यांच्या गटाने दाखवलं की नुकतीच चिखलात उतरलेली इवलीशी शिंपली अशा जागी खरोखर विरघळून मरतात. इथे तो शब्द चालतो. कुटलेली कवचं चिखलात मिसळली तेव्हा तिथे जास्त पिल्लं टिकली. आपल्याकडे रिकामी कवचं चुन्यासाठी जात आली आहेत. त्यातला काही हिस्सा पुन्हा बिछान्यावर पसरणं हा मला सोडा ॲशपेक्षा जास्त परवडणारा उपाय वाटतो.

इथवरचा सारांश एवढाच: मोठा प्राणी बिल भरतो, लार्व्हाकडे पैसे नसतात, आणि बिल किती येणार ते ओमेगा, तापमान, क्षारता आणि खाद्य मिळून ठरवतात. आता जनुकं.

‘जुळवून घेणं’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिली, त्याच प्राण्याने जनुकांचा वापर बदलणं. आम्लाच्या पाण्यात पंपांची, कार्बॉनिक अनहायड्रेजची, कवचातल्या प्रथिनांची, ताणाच्या प्रथिनांची जनुकं कमीजास्त चालतात. पॅसिफिक कालवाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, २०१२ साली वाचला गेला तेव्हा एचएसपी-७० या ताण-प्रथिनाची तब्बल ८८ जनुकं सापडली. ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्याकडे हत्यारं भरपूर असणारच. पण अशा अभ्यासांत एक सापळा आहे आणि तो सर्रास लागतो. आम्लाच्या पाण्यात लार्व्हाची वाढ मागे पडते. दोन्ही गटांतून अठराव्या तासाला नमुना घेतला तर एकीकडे कवच बांधणं संपत आलेलं, दुसरीकडे नुकतंच सुरू झालेलं. मग कवचाची जनुकं आम्लात ‘वाढलेली’ दिसतात, आणि तो प्रतिसाद नसून निव्वळ उशीर असतो. पॅसिफिक कालवाच्या लार्व्हांवर डी विट, लँगडन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली हा उशीरच मध्यवर्ती धरून विश्लेषण केलं, ते नमुन्यादाखल वाचण्याजोगं आहे. घड्याळाचा तास जुळवण्याऐवजी वाढीचा टप्पा जुळवा, किंवा दर दोन तासांनी नमुने घेऊन दोन्ही वक्र काढा.

दुसरी गोष्ट, आई-बापांनी भोगलेल्या पाण्याचा मुलांवर परिणाम. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी रॉक कालवावर लॉरा पार्कर आणि पॉलिन रॉस यांच्या कामात (२०१२) जननग्रंथी पिकत असताना जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवलेल्या पालकांचे लार्व्हा तशाच पाण्यात मोठे आणि लवकर वाढले. हे वाचून लोक सुखावतात. पण उत्तर अटलांटिकच्या क्लॅम आणि स्कॅलप या द्विपुटींवर ग्रिफिथ आणि गोब्लर यांनी २०१७ साली नेमकं उलट दाखवलं: तशा पालकांची पिल्लं जास्त नाजूक निघाली. दोन्ही खरं असू शकतं. आईने ताणाखाली अंड्यात जास्त चरबी भरली तर फायदा, तिची स्वतःचीच शिदोरी संपली असेल तर तोटा. म्हणून असा प्रयोग करायचा तर अंड्याचा आकार आणि त्यातली चरबी मोजल्याशिवाय करू नये. डीएनएवरच्या मिथाइल खुणांचा (जनुकांच्या वापराशी जोडल्या जाणाऱ्या रासायनिक खुणांचा) हात यात असावा असा कयास आहे. कालवात त्या मुख्यतः जनुकांच्या अंगातच आढळतात. पण खूण बदलली म्हणून काम बदललं, असं धरून चालू नका.

तिसरी गोष्ट, खरी निवड. द्विपुटींमध्ये जनुकीय विविधता अफाट असते आणि एक पॅसिफिक मादी कोट्यवधी अंडी सोडते, त्यामुळे निवडीला कच्चा माल भरपूर. मार्क बिटर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली भूमध्य मसलच्या १२ माद्या आणि १६ नरांची पिल्लं पीएच ८.१ आणि ७.४ अशा दोन पाण्यांत वाढवली. कमी पीएचमध्ये ठरावीक ॲलीलचं (एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांचं) प्रमाण काही दिवसांतच सरकलं. म्हणजे तग धरण्याची क्षमता समूहात आधीपासून होती, नवं उत्परिवर्तन लागलं नाही. कील फियोर्डच्या मसल्सची पिल्लंही उत्तर समुद्रातल्या मसल्सच्या पिल्लांपेक्षा आम्लाच्या पाण्यात जास्त टिकली. सिडनी रॉक कालवात तर २०११ सालीच दिसलं होतं की जंगली वाणाच्या पिल्लांची कवचवाढ ६४ टक्क्यांनी घटली तिथे निवडलेल्या वाणाची फक्त २५ टक्क्यांनी. गंमत म्हणजे तो वाण आम्लीकरणासाठी निवडलेलाच नव्हता. जलद वाढ आणि रोगप्रतिकार यांसाठी होता. ज्याची चयापचयाची घोडदौड चांगली, तो हे बिलही भरतो.

मग निर्धास्त व्हायचं का? माझं मत: नाही. निवड म्हणजे सौम्य शब्दात मरणच. बाकीचे मेले म्हणून ॲलीलचं प्रमाण सरकलं. खाडीतल्या कोट्यवधींच्या समूहाला ते परवडतं, पाच-सहा माद्यांवर चालणाऱ्या हॅचरीला नाही. तिथे दोन पिढ्यांत विविधता आटते. शिवाय पहिल्या दोन दिवसांत जिंकणारे ॲलील बीज चिकटण्याच्या वेळी हरूही शकतात. ड्युरलंड, डी विट आणि लँगडन यांनी २०२१ साली पॅसिफिक कालवात वाढीच्या टप्प्यांबरोबर निवडीची दिशा बदलताना पाहिली. आणि कालवाच्या जीनोममध्ये घातक सुप्त ॲलील इतके असतात की अगदी उत्तम पाण्यातही लार्व्हा मोठ्या संख्येने मरतात. त्या मरणाची वजाबाकी न करता सगळं खापर आम्लावर फोडणं ही या क्षेत्रातली नेहमीची चूक.

आता तुमचा प्रयोग. पीएच मीटरवर एकट्यावर ओमेगा काढता येत नाही. पीएच, अल्कलिनिटी, तापमान, क्षारता ही चौकडी हवी. पीएचमध्ये ०.१ची चूक झाली की ओमेगात वीस-पंचवीस टक्क्यांची चूक होते, आणि बाजारातल्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) जुळवलेला साधा इलेक्ट्रोड समुद्राच्या पाण्यात एवढा सहज चुकतो. समुद्राच्या क्षारतेचा ट्रिस बफर वापरा, किंवा मेटाक्रेसॉल पर्पल रंगद्रव्य घालून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजा. अल्कलिनिटी ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करून मिळते. नमुना त्याच दिवशी मोजणार असाल तर काठोकाठ भरलेली काचेची बाटली, गार आणि अंधारात, पुरे. साठवायचा तर मर्क्युरिक क्लोराइड लागतं, ते जहाल विष आहे, त्याची विल्हेवाट आधी ठरवा. पाणी आम्ल करायला हायड्रोक्लोरिक आम्ल ओतू नका, त्याने अल्कलिनिटीच पडते आणि निसर्गात घडतं त्यापेक्षा वेगळंच पाणी तयार होतं. कार्बन डायऑक्साइड सोडा. दोनच पातळ्या घेतल्या तर सीमा कुठे आहे ते कळणार नाही, ओमेगा ३.५, २.५, १.७ आणि १ अशा चार घ्या. आणि प्रत्येक पातळीला निदान तीन स्वतंत्र साठवण टाक्या. एकाच टाकीतून दहा बरण्या भरल्या तर तुमच्याकडे दहा नमुने नाहीत, एकच आहे.

पालक निदान दहा नर, दहा माद्या. शुक्राणू एकत्र करून ओतले तर एखादा नरच बहुतेक अंडी पटकावतो, म्हणून जोड्या वेगवेगळ्या फलित करा आणि अंडी मोजून समान संख्येने मिसळा. फलन साध्या पाण्यात करा, नाहीतर शुक्राणूंवरचा परिणाम आणि कवचावरचा परिणाम यांची गल्लत होईल. मिलिलिटरला दहापेक्षा जास्त भ्रूण नकोत. पाणी आधी बुडबुडे सोडून हव्या पातळीला आणा, मग बरणी काठोकाठ भरून झाकण लावा. भ्रूण असलेल्या बरणीत थेट बुडबुडे सोडले की ते फुटतात. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा पाणी मोजा, कारण लार्व्हांच्या श्वासानेच ओमेगा घसरतो.

४८ तासांनी गाळा आणि किमान शंभर लार्व्हा मोजा: किती ‘डी’ नीट बनले, किती बिजागरीशी वाकडे, किती उशिरा. ध्रुवित प्रकाशात कवच उजळून दिसतं, त्यामुळे अर्धवट कवच पटकन ओळखू येतं. टिकवायला फॉर्मेलिन वापरत असाल तर ते बोरॅक्स घालून बफर केलेलंच हवं. साध्या फॉर्मेलिनमध्ये फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि ते बाटलीतच कवच खाऊन टाकतं. मग सगळ्याच बरण्यांत ‘आम्लीकरणाचा परिणाम’ दिसू लागतो, अगदी नियंत्रण गटातसुद्धा. डीएनएसाठी ९५ टक्के इथेनॉल, आरएनएसाठी आरएनए-लेटर हे टिकवण्याचं द्रावण किंवा द्रव नायट्रोजन, आणि गाळणीवर लार्व्हा दोन-चार मिनिटांहून जास्त ताटकळवू नका, तेवढ्यात ताणाची जनुकं जागी होतात.

ॲलीलचं प्रमाण पाहायचं असेल तर पालकांचा जनुकीय नमुना, दुसरा दिवस, सहावा दिवस आणि बीज चिकटल्यानंतर असे चार नमुने घ्या, दोन्ही टोकांच्या पाण्यांतून. नियंत्रण गटातही प्रमाण सरकलेलं दिसेल. त्याने गोंधळू नका, तुमचं उत्तर त्या दोन सरकण्यांमधल्या फरकात आहे. आणि हे सगळं मांडण्याआधी खाडीतलं पाणी आठवड्यातून एकदा, पहाटे आणि दुपारी, भरती-ओहोटीची वेळ लिहून, पूर्ण पावसाळाभर मोजा. तुमच्या खाडीत ओमेगा १.७च्या खाली किती तास राहतो हे माहीत नसताना प्रयोगाच्या पातळ्या ठरवणं म्हणजे गिऱ्हाइकाचं माप न घेता कपडा बेतणं.